छोट्या ट्रॅक्टरचे टायर आणि कमलाबाईंची अंबाडी

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहून आणा, असं आमच्या मराठीच्या मॅडम वर्गात म्हणाल्या, तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. कोणाकडे सहल होती, कोणाकडे मामाचं गाव होतं, एकीने तर तिथल्या तिथे कविता काढून दिली. माझ्याकडे टायर होते. मॅडमना तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग टायरचंच लिही." त्या गमतीने म्हणाल्या की मनापासून, हे मला अजून नीट कळलेलं नाही. पण लिहायला बसले आहे.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात, वाशीम रस्त्याला गजाननभाऊंचं ट्रॅक्टरच्या टायरचं दुकान आहे. तिथे मी अडीच वर्षं काम करते. सकाळी कॉलेज, दुपारी एकनंतर दुकान आणि सहाच्या बसने गाव. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. दुकानात लागले ती कॉम्प्युटरवर बिलं करायला. टायरशी माझा संबंध टायपिंगपुरताच राहील असं मला आणि घरच्यांनाही वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मी एका बिलावर टायरचा आकडा उलटा टाकला. ८.३-२० च्या जागी २०-८.३. गजाननभाऊंनी बिल वाचलं, चष्मा काढून पुसला, परत वाचलं आणि मला बाहेर टायरांच्या थप्पीपाशी नेलं.

"शीतल, पहिला आकडा टायरची रुंदी, इंचात. दुसरा आकडा आतल्या लोखंडी रिंगचा. आता तूच सांग, आठ इंचाच्या रिंगवर वीस इंच जाडीचं टायर बसवलं तं कसं दिसन?"

मी थप्पीतलं वरचं टायर वितीने मोजायला लागले.

"दहीवडा दिसन," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

त्या दिवशी घरी जाऊन मी बाबांना हे सांगितलं. बाबा लोकांचे ट्रॅक्टर चालवतात. त्यांना वाचता येत नाही. ते हसले आणि म्हणाले, मालक टायर आणायला पाठवायचा तेव्हा आम्ही जुन्या टायरवर कागद धरायचो आणि वरून कोळसा घासायचो. टायरवरचे आकडे उठावाचे असतात, त्यामुळे कागदावर जसेच्या तसे उमटतात. तो कागद घडी करून खिशात घालायचा आणि दुकानदाराला द्यायचा. इतकी वर्षं बाबा जो आकडा छापून नेत होते, तो मला वाचता येत होता आणि मी तो उलटा लिहिला होता. त्यानंतर मी टायर नीट बघायला लागले.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्याकडे आता छोटे ट्रॅक्टर वाढले आहेत. मोठ्या ट्रॅक्टरच्या शेजारी उभे केले तर घोड्याजवळ शिंगरू उभं केल्यासारखे दिसतात. दोन-चार एकराच्या वावरात, पिकाच्या ओळींमधून, संत्र्याच्या झाडांखालून ते जातात. टायर घ्यायला येणाऱ्याला वाटतं, जुनं होतं तसंच द्या, झालं. गजाननभाऊ मात्र टायर दाखवतच नाहीत. आधी चहा मागवतात आणि विचारतात, "जमीन कोणती? ओळ किती इंचाची? मांगे काय जोडता?"

काळ्या जमिनीत टायरवरचे रबरी पट्टे उंच आणि एकमेकांपासून दूर हवेत. ते जवळ जवळ असले की चिखल मध्ये अडकतो आणि टायरचा गुळगुळीत गोळा होतो. मग तो जागेवर फिरतो, पुढे जात नाही. ट्रॅक्टर जास्त करून ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यावर पळणार असेल, तर तेच उंच पट्टे खोडरबरासारखे झिजतात. आणि पिकात चालवायचा असेल तर रुंदी सगळ्यात आधी. दोन ओळींमधल्या जागेत टायर मावलं पाहिजे आणि पानांना लागलं नाही पाहिजे. ओळीतलं तण काढायला छोट्या ट्रॅक्टरच्या मागे डवरा जोडतात. त्याला डवरणी म्हणतात. डवरा तणच काढतो, पण त्याच्या पुढे चालणारं टायर रुंद असेल तर पीकही जातं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. जवळच्या एका गावचे शालिकभाऊ पोळ्याच्या आधी आले. त्यांचा ट्रॅक्टर छोटाच, पण चारही चाकांनी ओढणारा. त्यांच्या गावात पोळ्याला बैल तोरणाखालून गेले की मागून ट्रॅक्टरही उभे करतात, हार घालून.

"मांगचे दोन टायर मोठे द्या," शालिकभाऊ म्हणाले. "शेजारच्याचा ट्रॅक्टर एवढा थोरला. त्याच्या बाजूले मायावाला उभा केला तं त्याचं लेकरू दिसते."

"अन् समोरचे?" गजाननभाऊंनी विचारलं.

"समोरचे राहू द्या. गाडी तं मांगून उंच दिसते."

गजाननभाऊंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. "शालिकभाऊ, पोळ्याले तुमी एक बैल उंच अन् एक ठेंगणा, अशी जोडी जुंपता का?"

"नाई बा. जोडी जोडीची पाह्यजे. नाईतं सगळं जू ठेंगण्याच्या मानेवर येते."

"मंग तुमच्या ट्रॅक्टरले काय चार माना नाईत?"

पुढचं शालिकभाऊंना समजावायला गजाननभाऊंनी मला सांगितलं. ज्या ट्रॅक्टरची चारही चाकं ओढतात, त्यात पुढची लहान आणि मागची मोठी चाकं आत गिअरने एकमेकांशी बांधलेली असतात. मागचं एक फिरलं तर पुढचं किती फिरायचं, हे कारखान्यातच ठरलेलं असतं. एकट्या मागच्याला मोठं केलं की दोघं एकमेकांना ओढत बसतात, आणि त्या ओढाताणीत आतला गिअर जातो. मी हे अडखळतच सांगितलं. शालिकभाऊंनी बाहेर जाऊन ट्रॅक्टरच्या मागच्या रिंगवर हात फिरवला. आत येऊन म्हणाले, "मंग रिंगांले लाल रंग तं देता येते ना?"

आमचे फिटर दिगांबरकाका यांनी त्या रिंगांना असा लाल रंग दिला की रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. पोळा झाल्यावर शालिकभाऊ मोबाइलवर फोटो दाखवायला आले. बॉनेटवर बैलाची झूल, दिव्याजवळ घुंगरांची माळ. "सगळे लेकरं आधी आपल्याकडेच आले," ते म्हणाले. "मोठ्यावर चढता नाई येत ना त्यायले."

सगळेच किस्से असे गोड नाहीत. कारंजा तालुक्यातल्या धनजचे एक काका आले होते. संत्र्याची बाग होती. मागचं एक टायर झाडाच्या खुंटाने फाटलं होतं. त्यांनी त्याच आकड्याचं एक नवीन टायर मागितलं. दुसरं टायर बरंच झिजलेलं, पण चालत होतं. नवं टायर आणि झिजलेलं टायर यांचा घेर सारखा नसतो, म्हणून मागे दोन्ही बाजूंना जोडीचेच टायर असावेत, हे मला माहीत होतं. निदान त्याच आकड्याचं, साधारण तेवढंच झिजलेलं एक जुनं टायर आमच्याकडे पडून होतं, ते देता आलं असतं. पण काउंटरवर चार मोठी माणसं होती आणि सगळी जोरजोरात बोलत होती. मी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि बिल केलं.

काही दिवसांनी काका परत आले. "हा ट्रॅक्टर सरळ चालतच नाई," ते म्हणाले. "एका बाजूले ओढते. दर झाडाले नमस्कार करत चालून राह्यला." ते हसत होते. पण तीन झाडांची साल निघाली होती, हेही त्यांनी सांगितलं.

ते गेल्यावर मी गजाननभाऊंना खरं काय ते सांगितलं.

"तुले माहीत होतं? मंग बोलली काहून नाई?"

"तुमी सगळे बोलत होते, भाऊ."

"आमी तं पावसावर बोलत होतो," ते म्हणाले. "टायरवर तूच बोलणार होती."

ती तीन झाडं अधूनमधून माझ्या डोळ्यांसमोर येतात. संत्र्याच्या झाडाची साल निघाली की आतलं लाकूड कसं ओलं दिसतं, ते मी नंतर मुद्दाम एका बागेत जाऊन बघितलं.

आता कमलाबाईंचं सांगते. त्यासाठीच खरं तर हे लिहिते आहे.

गेल्या वर्षी पेरण्या आटोपल्यावर एका दुपारी संतोष नावाचा एक मुलगा जुना, नुकताच विकत घेतलेला छोटा ट्रॅक्टर घेऊन आला. मागच्या मडगार्डवर त्याची आई बसली होती. उतरताना तिने ट्रॅक्टरला हात लावला नाही, सरळ उडी मारली. याच कमलाबाई. त्या दिवशी गजाननभाऊ कामाने वाशीमला गेले होते. दुकानात मी आणि दिगांबरकाका.

"सोयाबीनमधे डवरणी करायची हाय," संतोष म्हणाला. "हे टायर रुंद वाटतात."

"त्याले वाटते," आई म्हणाली. "मी तं म्हणतो ट्रॅक्टरच रुंद हाय." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दलही 'म्हणतो'च म्हणतात.

गोष्ट अशी होती. त्यांचा एक बैल म्हातारा होऊन गेला होता. पेरणी कमलाबाईंच्या भावाने स्वतःचे बैल आणून करून दिली होती. डवरणीसाठी पुन्हा त्याच्या दारात जायला नको, म्हणून संतोषने हट्टाने हा ट्रॅक्टर आणला. आईची अट होती आणि ती तिने दुकानात, काउंटरवर हात ठेवून मलाही ऐकवली: "एक बी ओळ तुडवली तं हा डबा वावराच्या बाहेर. माया भावाचे बैल काई मेले नाईत."

संतोष माझ्याकडे बघत होता. मी गजाननभाऊंसारखं विचारलं, "ओळ किती इंचाची हाय, मावशी?"

"दीड फूट. तिफणीची पेरणी हाय."

तिफण म्हणजे पेरायचं लाकडी अवजार. त्याला तीन फण असतात, म्हणजे एका फेरीत तीन ओळी पेरल्या जातात. पुढे बैल आणि हाकणारा. मागून एक बाई चालते. तिच्या ओटीत बियाणं, आणि तिफणीवरच्या लाकडी वाटीत ती मुठीतून दाणे सोडत जाते. त्या वाटीला चाडं म्हणतात. मूठ सैल झाली तर दाणे जास्त पडतात, आवळली तर ओळीत खाडे पडतात. कमलाबाईंनी लग्न झाल्यापासून दर साली चाड्यावर मूठ धरली होती.

मी टेप घेऊन ट्रॅक्टर मोजला. आधीच्या मालकाने साडेनऊ इंची टायर घातले होते, तेही टक्कल पडलेले. त्याच रिंगवर ८.३ चे बसत होते. पुढची चाकं ओढणारी नव्हती, त्यामुळे मागचे बदलले तरी गिअरची भीती नव्हती. मागच्या दोन चाकांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत छत्तीस इंच. ओळी अठरा इंचांवर, म्हणजे दोन ओळी पोटाखाली आणि चाकं बरोबर मोकळ्या जागेत. मी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढलं. या वेळी गप्प बसायचं नाही, हे मी ठरवलंच होतं. मी सगळं नीट बोलले. संतोष खूश झाला. दिगांबरकाकांनी टायर चढवले. कमलाबाईंनी चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि परत दिलं. "कागदावर तं बरं चालते," त्या म्हणाल्या.

सहाच्या बसमध्ये खिडकीजवळ बसून मी एकटीच हसत होते, असं शेजारच्या मावशींनी मला नंतर सांगितलं.

पुढच्या शनिवारी संतोषचा फोन आला. पाऊस उघडला होता, जमिनीला वाफसा आला होता, म्हणजे माती ना ओली ना कोरडी, अवजार चालायला अगदी नेमकी. सगळीकडे डवरे चालू होते.

"ताई, ओळ गेली," तो हळू आवाजात म्हणाला. "पहिल्याच फेरीत. एक चाक बराबर चालून राह्यलं, दुसरं पिकावर चढून राह्यलं. मी बंद केला. माय धुऱ्यावर बसून हाय, काईच बोलत नाई."

शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. कमलाबाई काहीच बोलत नाहीत, हे ऐकून मी बिल अर्धवट टाकून उठले. मी गजाननभाऊंना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पिकअपची किल्ली दिगांबरकाकांकडे टाकली. "उद्या सकाळी जाऊ. जॅक घ्या, पाने घ्या. मोजशीन मात्र तूच."

रविवारी आम्ही तिघं वावरात पोहोचलो. सोयाबीन वीतभर झालं होतं आणि तणही त्याच्या बरोबरीनं. आणखी आठ-दहा दिवसांत पानं एकमेकांत शिरली असती, मग ना बैल चालले असते ना ट्रॅक्टर. धुऱ्यापासून पंधरा-वीस पावलांपर्यंत एक ओळ मातीत दाबलेली दिसत होती. कमलाबाई तिच्या टोकाला उभ्या होत्या. हातात मोबाइल होता.

"भावाले फोन लावतो मी आता," त्या म्हणाल्या.

"दहा मिनिटं थांबा, बाई," गजाननभाऊ म्हणाले. "पोरीले मोजू द्या."

मी टेप घेऊन वाकले. पहिल्या दोन ओळींमधली जागा, अठरा इंच. पुढची, अठरा. त्याच्या पुढची, साडेतेरा. मला वाटलं मी चुकले. परत लावला. साडेतेराच. त्यापुढे अठरा, अठरा आणि चौदा. मग अठरा, अठरा, पंधरा.

मी तशीच उकिडवी बसून राहिले. कमलाबाई खोटं बोलल्या नव्हत्या. तिफणीचे तीन फण लाकडात पक्के बसवलेले, त्यामुळे त्यांच्यात दीड फूट म्हणजे दीडच फूट. पण एक फेरी संपवून तिफण वळते आणि दुसरी फेरी सुरू होते, तेव्हा आधीच्या ओळीपासून किती अंतर सोडायचं हे लाकडात बसवलेलं नसतं. ते हाकणाऱ्याच्या नजरेवर आणि बैलाच्या पावलावर. दर तिसरी जागा त्यामुळे कमीजास्त. मी ओळ विचारली आणि सगळं वावर एका मापाचं धरून चित्र काढलं. माझं एक चाक पक्क्या जागेतून जात होतं आणि दुसरं त्या अरुंद जागेतून.

"ही जागा कमी हाय, मावशी," मी म्हणाले.

"थो जोड हाय," कमलाबाई म्हणाल्या. "दोन फेऱ्यांचा जोड. जोड कधी सारखा रायते का? बैल हायेत थे, मशीन नाई."

"तुमी सांगितलं नाई."

"तू इचारलं नाई."

गजाननभाऊंनी दुसरीकडे बघितलं. ते हसू दाबत होते की काय, कळलं नाही.

"याहून बारीक टायर?" संतोषने विचारलं.

"या रिंगवर नाई," गजाननभाऊ म्हणाले. "अन् बारीक तरी किती करशीन? सायकलचं लावतं का?"

मी धुऱ्यावर बसले. काडी घेऊन मातीत रेघा ओढल्या. पक्की जागा, पक्की जागा, जोड. पक्की, पक्की, जोड. दोन चाकं दोन पक्क्या जागांत बसवायची होती. शेजारशेजारच्या दोन पक्क्या घेतल्या तर चाकांत फक्त अठरा इंच राहतात, ट्रॅक्टर कलंडेल. मग राहिलं काय? जोडाच्या अलीकडची पक्की आणि जोडाच्या पलीकडची पक्की. जोड मधोमध. मी रेघांवर दोन खडे ठेवून सरकवून बघितले. अलीकडच्या जागेचे अर्धे नऊ, मधला जोड साधारण चौदा, पलीकडचे अर्धे नऊ. बत्तीस. जोड एखादा इंच कमीजास्त झाला तरी चाकं रुंद जागेत असल्याने पानाला लागणार नव्हती. पुढच्या फेरीला पुन्हा पुढच्या जोडावर जायचं. दोन्ही कडांची एकेक सोडली तर एकही जागा डवरायची राहत नव्हती आणि एकही दोनदा होत नव्हती. मी तीनदा खडे फिरवून बघितले, कारण माझा माझ्यावर विश्वास बसेना.

"भाऊ," मी म्हणाले, "चाकं बत्तीस इंचावर आणता येतात का? जोड पोटाखाली घ्यायचा."

गजाननभाऊ येऊन रेघांपाशी वाकले. दिगांबरकाकाही वाकले. कमलाबाईही आल्या आणि खड्यांकडे बघू लागल्या.

"रिंग उलटी केली तं येतात," दिगांबरकाका म्हणाले. मागच्या रिंगची तबकडी एका बाजूला फुगलेली असते. चाक उलटं लावलं की ते आत सरकतं. "पण टायरचा बाण उलटा होईन."

टायरला फिरायची दिशा असते. बाजूला बाण काढलेला असतो. उलटं फिरलं तर पट्टे माती बाहेर फेकण्याऐवजी आत भरतात. हे मला माहीत होतं आणि या वेळी मी वाट बघितली नाही. "डावं चाक उजवीकडे लावा, उजवं डावीकडे. मंग बाण सरळ येईन."

दिगांबरकाकांनी गजाननभाऊंकडे बघितलं. "आता मी पेन्शनीत जातो," ते म्हणाले आणि जॅक आणायला गेले.

चाकं बदलली. पुढच्या चाकांचा दांडा आत सरकवला, डवऱ्याचे फासे, म्हणजे तण कापणारी पाती, तेही मापाने सरकवले. टेप लावला, बत्तीस. संतोष सीटवर बसला आणि बसल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"पण वरून जोड दिसन कसा? पानं आली, सगळ्या जागा सारख्याच दिसतात."

खरंच होतं. चार इंचांचा फरक टेपला कळतो, सीटवरून नाही कळत. मी शेंदरी दोरी बांधायची का, असं काहीतरी पुटपुटले. कमलाबाईंनी कपाळावर हात मारला.

"अबे, अंबाडी पाय ना."

आम्ही सगळे धुऱ्याच्या कडेला बघू लागलो. आणि मग दिसली. लाल देठांची, हाताच्या पंजासारख्या पानांची तीन-चार रोपं एका ठिकाणी. थोड्या अंतरावर पुन्हा तशीच. तिथून पुढे पुन्हा. धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारख्या अंतरावर. प्रत्येक झुपका बरोबर जोडावर होता.

"तिफण वळते तिथं दोन-चार दाणे टाकतो मी," कमलाबाई म्हणाल्या. "मायी सासू टाके, मी बी टाकतो. दोन्ही धुऱ्यांवर."

"कायले?" संतोषने विचारलं.

"भाजीले. अन् फेरी कुठून सुरू झाली, कुठं संपली, ते समजते. घोळ नाई होत."

"हे तं मले माहीतच नव्हतं, माय."

"तुले कुठून माहीत असन? पेरणीच्या दिवशी तू मोबाइलवर ट्रॅक्टर पाहून राह्यला होता."

संतोषने बॉनेटचा मध्य या धुऱ्यावरच्या अंबाडीवर धरला आणि समोर त्या धुऱ्यावरच्या लाल झुपक्याकडे नजर लावली. ट्रॅक्टर निघाला. कमलाबाई त्याच्या मागून चालू लागल्या, थोड्या वाकून, एक हात पुढे धरून. तो हात चाड्यावर धरायचा हात होता, हे नंतर माझ्या लक्षात आलं. आम्ही धुऱ्यावर उभे. दोन्ही चाकं मोकळ्या जागेतून जात होती, मागे काळी माती उलटत होती आणि तण मुळांसकट वर येत होतं.

ट्रॅक्टर पलीकडे पोहोचला, वळला, पुढच्या अंबाडीवर आला. कमलाबाई मध्येच थांबल्या, खाली बसल्या. त्या एक रोपटं बोटांनी सरळ करत होत्या.

"तुडवलं का?" गजाननभाऊंनी ओरडून विचारलं.

"नाई," त्या तिकडून म्हणाल्या. "वाकलं होतं. झालं सरळ."

मग त्यांनी एक गोष्ट केली. जी फेरी झाली, तिच्या टोकावरच्या अंबाडीचे शेंडे त्यांनी खुडले आणि ओटीत टाकले. दुसरी फेरी झाली, तिचे खुडले. ट्रॅक्टर पुढे आणि त्या मागून भाजी गोळा करत. दुपारपर्यंत वावर अर्धं झालं आणि ओटी भरली. संतोष पाणी प्यायला थांबला तेव्हा त्यांनी भावाला फोन लावला. आम्ही सगळे ऐकत होतो.

"बैल राहू दे," त्या म्हणाल्या. "नाई, चालून राह्यला. हो. आपली अंबाडी पाहून चालते तो. पोळ्याले ये."

निघताना त्यांनी ती सगळी अंबाडी माझ्या ओढणीत ओतली. मी नको म्हणत होते. "घे वं," त्या म्हणाल्या, "तुया बापाले भाकरीसंग खाऊ घाल." पिकअपमध्ये दिगांबरकाकांनी त्यातली अर्धी मागून घेतली. घरी आईने डाळ घालून भाजी केली, वर लसणाची फोडणी. बाबांना मी माती, रेघा, खडे, सगळं सांगितलं. त्यांनी जेवण संपवलं, हात धुतले आणि मला परत एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं.

आता दुकानात गजाननभाऊंच्या तीन प्रश्नांत माझा एक चौथा आहे. पेरणी कशाची, आणि तिफणीची असेल तर जोड किती. परवा एक जण वैतागला. "जमीन इचारता, ओळ इचारता, आता जोड बी. मंग कुंडली बी आणू का?"

"आणा," गजाननभाऊ म्हणाले. "पण आधी जोड सांगा."

यंदा पेरणीच्या आधी कमलाबाई दुकानात आल्या. मडगार्डवरून उतरताना त्यांनी स्टिअरिंगला धरलं. संतोषने पेरणी यंत्र ठरवलं होतं, ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं.

"यंत्रानं जोड सारखा येते म्हणते हा," त्या म्हणाल्या.

"हो, मावशी. बराच सारखा येते."

त्यांनी थप्पीतल्या एका नव्या टायरवर हात टेकवला. मग म्हणाल्या, "मंग अंबाडी कुठं टाकू?"

मी अडखळले नाही.

"तिथंच टाका, मावशी," मी म्हणाले. "वळणावर. भाजी तं लागतेच."